काळजीवाहक पाहिजे

आमच्याकडे पोळीभाजी करायला येणाऱ्या बाई गेली अकरा वर्षं साडेनऊच्या ठोक्याला येतात, अकराला जातात, आणि या दीड तासात माझ्याशी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत. बोलणं असतं ते आमच्या सौ.शी. त्यामुळे गेल्या वर्षी गणपती नुकतेच विसर्जित झालेले असताना एका सकाळी त्या पदराला हात पुसत थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी हातातलं पेन खाली ठेवलं. मागे दाराच्या चौकटीला टेकून त्यांची मुलगी उभी होती. बावीस वर्षांची, नुकतीच बी. ए. झालेली. आईने जबरदस्तीने आणलं आहे हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"साहेब, तुम्ही बँकेत एवढे मोठे होता," बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकेल ती. हिला दोन नोकऱ्या आल्यात आणि ही नको ती धरून बसलीय."

मी काही एवढा मोठा नव्हतो. पण निवृत्त अधिकाऱ्याला कुणी सल्ला विचारला की तो खुर्चीत सरळ बसतो. मीही बसलो.

दोन नोकऱ्या अशा होत्या. एक हडपसरच्या बाजूला एका मॉलमध्ये, कपड्यांच्या दुकानात. पगार पंधरा हजार, गणवेश दुकानाचा, विक्री चांगली झाली तर वर काही. दुसरी मुळशीच्या रस्त्याला, एका निवासी संस्थेत. प्रौढ मतिमंद स्त्रियांची संस्था. पद 'काळजीवाहक'. मानधन साडेअकरा हजार, राहणं-जेवण संस्थेचं. कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी ही मुलगी तिथे सात दिवस राहून आली होती, आणि तेव्हापासून ते तिच्या डोक्यात होतं.

"मी जन्मभर लोकांच्या घरी राबले," बाई म्हणाल्या, "ते हिने खुर्चीवर बसावं म्हणून. लोकांची शी-शू काढायला हिला पंधरावीपर्यंत शिकवलं का? आणि उद्या स्थळ बघताना सांगायचं काय?"

मुलगी काहीच बोलली नाही. मी सवयीने कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने पाडले. पगार, प्रवास, सुट्टी, बढती, भविष्य. डावीकडे मॉल, उजवीकडे संस्था. पाच मिनिटांत उजवा रकाना पार आडवा झाला. मी कागद तिच्यापुढे सरकवला आणि कर्जाचा अर्ज नामंजूर करताना वापरायचो त्याच समजूतदार आवाजात म्हणालो, "सेवा नंतरही करता येते. आधी पायावर उभी राहा."

तिने कागद वाचला, घडी केला, पर्समध्ये ठेवला आणि "बरं काका" म्हणून निघून गेली. बाई समाधानाने पोळ्यांकडे वळल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याचं कारण त्या कागदात नव्हतं.

* * *

आमचा वाडा नारायण पेठेत होता. त्या काळच्या बहुतेक वाड्यांमध्ये एखाद्या तरी बिऱ्हाडात असं एक माणूस असे, ज्याच्याविषयी पाहुण्यांना काही सांगितलं जात नसे. आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझा धाकटा काका. 'मतिमंद' हा शब्द घरात कुणाला माहीत नव्हता. आजी म्हणे, "साधा आहे तो." शेजारी याहून कडक शब्द वापरत. काका चांगला उंचापुरा होता, दिसायला माझ्या वडिलांहून देखणा. पण त्याची समज चार-पाच वर्षांच्या मुलाएवढीच राहिली होती.

त्याचं सगळं माझी आत्या करायची. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिने काकाला न्हाऊ घालावं, जेवू घालावं, त्याची दाढी करावी, रात्री दोनदा उठवून मोरीपर्यंत न्यावं, आणि पहाटे चारला ओलं अंथरूण बदलावं, हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते मला आजवर कळलेलं नाही. बहुधा कुणी ठरवलंच नाही. एक हात रिकामा होता आणि एक काम पडलं होतं, एवढ्यावर एका बाईची तीस वर्षं गेली.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. त्या दिवसाच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो, पुण्यात माझ्या पिढीचं प्रत्येकजण वाढलं. पाणी येतंय अशी हाकाटी झाली आणि आमचं घर पर्वतीच्या दिशेने पळालं. काका मात्र हलेना. त्याची एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात बसची जुनी तिकिटं होती, ती सापडल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवत नसे. आत्या म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आणते त्याला." संध्याकाळी पाणी ओसरू लागल्यावर वडील आणि मोठे काका त्यांना शोधत परत आले. तेव्हा दोघं चार घरं पलीकडच्या एका पक्क्या इमारतीच्या गच्चीवर सापडली. काकाच्या मांडीवर पेटी होती आणि आत्या त्याला तिकिटं मोजून दाखवत होती. आज आपण गच्चीत मुक्काम करायचा आहे, असा काहीतरी खेळ तिने रचला होता.

पुढे तीस वर्षं ही गोष्ट आमच्या घरात काकाच्या हट्टाची गोष्ट म्हणून सांगितली जात होती. सगळे हसत, मीही हसलो आहे. त्या दिवशी आमच्यातलं आणखी कुणी तिच्याबरोबर का थांबलं नाही, हे विचारायचं मला साठी उलटल्यावर सुचलं, आणि आता उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही.

पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोगळेकरांनी 'कामायनी' सुरू केली. मतिमंद मुलांना शिकवता येतं, हीच तेव्हा पुष्कळांना बातमी होती. वडिलांच्या कानावर ते आलं, पण काका तोपर्यंत तिशी ओलांडून गेला होता, आणि शाळा तर मुलांची. तो १९७९ साली गेला. तेराव्यानंतर आत्या आईला म्हणाली, "वहिनी, पहाटे चारला जाग येते गं. उठून करू काय?" मी तेव्हा कॉलेजात होतो. शेजारच्या खोलीत अभ्यास करत होतो, आणि ते ऐकून मी दार लोटून घेतलं.

* * *

नोकरीत असताना असंच एक दार मी पुन्हा लोटलं होतं. नव्वदच्या दशकात मी पुण्यातल्याच एका शाखेत होतो. तिथे एक निवृत्त शिक्षक दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्शन काढायला येत. बरोबर तिशीचा मुलगा असे. मुलाला शिक्क्याचा आवाज फार आवडायचा. रोखपालाने शिक्का मारला की तो टाळी वाजवायचा, आणि आमचा रोखपाल, एरवी अत्यंत तिरसट माणूस, त्याच्यासाठी कोऱ्या कागदावर दोन शिक्के जास्तीचे मारायचा.

त्या गृहस्थांना मुलाच्या नावावर खातं उघडायचं होतं. मी त्यांना समोर बसवून नीट समजावलं, की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार करणाऱ्याची समज शाबूत लागते, मुलगा सज्ञान झाला आहे म्हणजे तुम्हीही त्याचे आपोआप पालक राहत नाही, तेव्हा न्यायालयातून पालकत्वाचा हुकूम आणा. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. आयुर्विमा महामंडळाची 'जीवन आधार' ही अपंग अवलंबितांसाठीची पॉलिसी तेव्हा होती, तिची माहितीही मी दिली. आयकरातली सवलत सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पैशाचं मी बघेन हो काहीतरी. पण साहेब, माझ्यामागे याची दाढी कोण करणार?"

मी हसून वेळ मारून नेली.

पुढे १९९९ साली नॅशनल ट्रस्टचा कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमायचं काम जिल्हा पातळीवरच्या समितीकडे आलं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची गरज उरली नाही. अशा पालकांची प्रमाणपत्रं मान्य करा, असं रिझर्व्ह बँकेनेही पुढे बँकांना कळवलं. म्हणजे माझ्या अडचणीला उत्तर मिळालं. त्यांच्या प्रश्नाला कायद्यात कलम नव्हतं, नसणारच. ते गृहस्थ केव्हाच पाच तारखेचे यायचे बंद झाले होते. मुलाचं काय झालं, मी चौकशी केली नाही.

'चौकट राजा' १९९१ मध्ये आला तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून सगळा महाराष्ट्र रडला. आम्हीही सहकुटुंब रडलो. थिएटरातून बाहेर पडताना आमच्या सौ. म्हणाल्या होत्या, "त्याची आई आजारी पडली तर त्याला आंघोळ कोण घालणार?" मी म्हणालो होतो, "तू सिनेमा बघ ना नीट." असो.

* * *

त्या मुलीला मी चुकीचा सल्ला दिला असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. पण निम्मीच माहिती घेऊन दिला, हे नक्की. दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं, "मुलीला म्हणावं, घाईने मॉलला होकार कळवू नको. आपण ती संस्था एकदा बघून येऊ." बाईंनी त्या दिवशी पोळ्या जरा करपवल्या.

जायच्या आधी मी थोडं वाचलं. 'काळजीवाहक' हा सरकारी शब्द आहे. निवासी विशेष शाळांच्या मंजूर पदांमध्ये अधीक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी यांच्या रांगेत तो बसलेला असतो. पहिल्यांदा ऐकला की हमालीची आठवण होते. पण मराठीत ओझं वाहतात तसं देवाला फूलही वाहतात, त्यामुळे शब्द करणाऱ्या कारकुनाला मी माफ केलं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. त्यांतली मतिमंदत्वाच्या रकान्यातली संख्या देशभरात सुमारे १५ लाख. रकान्यात न आलेले किती असतील, ते आमच्या वाड्यावरून ओळखावं. काकाचं नाव आमच्या घराने कुठल्याही जनगणनेत कुठल्या रकान्यात सांगितलं असेल, मला शंकाच आहे. शब्दही आता बदलले. अपंगाचे दिव्यांग झाले, मतिमंदत्वाला बौद्धिक अक्षमता म्हणायचं. या लेखात मी जुने शब्द वापरतो आहे ते केवळ जिभेच्या सवयीने, कुणाचं मन दुखवायला नव्हे.

हे वाचताना एक जुनी गोष्ट पुन्हा समोर आली. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या काही मतिमंद स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. त्यांना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आलं. स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य-कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांत रान उठलं, आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी आमच्या बँकेच्या जेवणाच्या सुट्टीतही जोरदार वाद झाला होता. निम्मे म्हणत, क्रूर आहे. निम्मे म्हणत, मग तुम्ही जाऊन त्यांचे कपडे बदला. दुसरं वाक्य टोमणा म्हणून टाकलेलं होतं, पण सगळा प्रश्न त्यातच होता. महिन्यातले चार-पाच दिवस दुसऱ्या बाईचे कपडे न चिडता बदलू शकेल, तिला थोडं थोडं शिकवू शकेल, अशी पुरेशी माणसं नव्हती, म्हणून शस्त्रक्रिया सुचली. माणूस नेमण्यापेक्षा अवयव काढणं सोपं वाटलं.

याच्या उलट बाजूचंही वाचलं. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले आणि २०१३ मध्ये संस्थाचालकासह इतर काही जण न्यायालयात दोषी ठरले. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याभोवती भिंत उभी केली, की आत कोण येतं हे फार महत्त्वाचं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे. प्रमाणपत्र मागून बघायला काहीच लाजू नये, मी मागितलं.

चांगल्याची उदाहरणंही आहेत. मुळशी तालुक्यातच कोळवणला १९९४ पासून 'साधना व्हिलेज' आहे. तिथे प्रौढ मतिमंद व्यक्ती वसतिगृहासारख्या नव्हे, तर घरासारख्या घरांमध्ये, सांभाळणाऱ्या माणसांबरोबर राहतात, झेपेल ते काम करतात. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन 'घरकुल' उभं केलं. अशा सहजीवनाची एक मोठी परंपरा तिकडे स्कॉटलंडमध्येही आहे. कार्ल क्योनिग नावाचे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हिटलरच्या धास्तीने १९३८ मध्ये देश सोडून निघाले आणि त्यांनी ॲबर्डीनजवळ 'कॅम्पहिल' वसवलं. स्वतःच निर्वासित झालेल्या माणसांनी, ज्यांना जगात कुठेच जागा नाही अशा मुलांना घर दिलं. तिथे सांभाळणारे आणि सांभाळले जाणारे एकाच टेबलावर जेवत. हे वाचलं की छान वाटतं. पण रात्री अडीच वाजता उठायचं कोणी, हा प्रश्न स्कॉटलंडमध्येही असणार.

* * *

आम्ही तिघं एका गुरुवारी गेलो. त्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बायकांना आपण वर्तमानपत्रात आलो हे कळणार नाही आणि त्यांची परवानगी घेण्याचा मार्ग मला सुचला नाही. दोन बैठ्या इमारती, प्रत्येकीत सतरा-अठरा जणी, मागे भाजीचे वाफे. पाऊल टाकताच एक पन्नाशीची स्त्री आली, तिने माझा हात धरला, मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं आणि पूर्ण भेटीत ते सोडलं नाही. बाई पदर सावरत माझ्या मागे मागे राहिल्या. मुलगी मात्र आल्या आल्या तीन-चार जणींच्या नावाने हाका मारू लागली. दोन वर्षांपूर्वीच्या सात दिवसांतली नावं तिला पाठ होती.

तिथे चौदा वर्षं काम करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी आम्हाला काहीही गोड करून सांगितलं नाही. सकाळी साडेपाचला सुरुवात. कुणाला नुसतं 'चल' म्हटलं की पुरतं, कुणाचा हात धरून दात घासून घ्यावे लागतात, कुणाला उचलावं लागतं, आणि साठ किलोची बाई उचलायची म्हणजे कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं, नाहीतर दोन वर्षांत कंबर जाते. ठरलेल्या वेळी सगळ्यांना संडासला नेलं तर निम्मी धुणी वाचतात. फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाला चप्पल किंवा कांदा लावायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना. फिटच्या गोळ्या एक वेळही चुकवायच्या नाहीत. कुणी आज जेवत नाही म्हणजे हट्टच असेल असं नाही, दात दुखत असेल, ती सांगू शकत नाही.

मी माझ्या वहीतले प्रश्न काढले. नेमणुकीचं पत्र देता का? भविष्यनिर्वाह निधी? आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते की कागदावर? काम शिकवता की पहिल्याच दिवशी सोडून देता? कार्यालयातल्या गृहस्थांनी नीट उत्तरं दिली. पत्र देऊ, निधी कापतो, सुट्टी मिळते पण कुणी आजारी पडलं तर पुढे ढकलतो. नॅशनल ट्रस्टची 'सहयोगी' नावाची काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची योजना आहे, ती मी वाचून गेलो होतो, तिचाही विषय काढला. एकंदरीत मला ते प्रामाणिक वाटले. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा निर्णय चालू असेल तर हे प्रश्न जरूर न्यावेत. पण मुलीने जो एकच प्रश्न विचारला तो माझ्या वहीत नव्हता.

"रात्री एका इमारतीत किती जणी असतात सांभाळायला?"

"एक," ताई म्हणाल्या.

"आणि दोघींना एकदम काही झालं तर?"

ताईंनी कार्यालयातल्या गृहस्थांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माणूस मिळत नाही. आलेली मुलगी महिना-दोन महिन्यांत जाते." मग थोडं थांबून, "तू आठ दिवस राहून बघ. मग तू ठरव, आम्हीही ठरवू."

* * *

आठ दिवसांनी ती आमच्याकडे आली. आई नसताना, दुपारची. वजन उतरलेलं दिसत होतं. पहिले दोन दिवस वासाने जेवण गेलं नाही म्हणाली. तिसऱ्या रात्री पहिली फिट पाहिली, घड्याळ बघायचं लक्षात राहिलं, तीन मिनिटं होती. एकीने तिला स्वतःच्या ताटातला लाडूचा अर्धा तुकडा दिला, तो खायला लागला. हे सगळं ती भराभर सांगत होती, आणि माझ्या लक्षात आलं की सांगायचं ते वेगळंच आहे.

"काका, पाचव्या दिवशी एकीने माझे केस धरले. सोडेनाच. मला खूप दुखलं. आणि माझा हात उठला." ती थांबली. "मारलं नाही. पण उठला होता. म्हणजे मी जाऊ नये ना?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दोन रकाने पाडून त्याचं उत्तर येण्यासारखं नव्हतं. आत्याचा हात कधी उठला असेल का, हे माझ्या मनात आलं, आणि ते मनात येण्याचीही ती पहिलीच वेळ. तीस वर्षांत एकदाही उठला नसेल असं मानणं म्हणजे तिला देवी करणं, आणि देवी केलं की मदतीला जावं लागत नाही.

"ताईंना सांगितलंस?" मी विचारलं.

"लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, माझाही उठतो. मग मी दुसरीला हाक मारते आणि व्हरांड्यात जाऊन तीसपर्यंत आकडे मोजते. पण रात्री हाक मारायला कुणी नसतं, म्हणून तू तो प्रश्न विचारलास तेव्हा मला बरं वाटलं, असं म्हणाल्या."

मग आम्ही दोघांनी बसून एक पत्र लिहिलं. शब्द तिचे, मसुदा माझा. मी यायला तयार आहे, परंतु रात्रपाळीला प्रत्येक इमारतीत दोघी असाव्यात, ही माझी अट आहे. पाठवताना मला वाटलं, नकार येणार. बावीस वर्षांच्या मुलीच्या अटी कोण ऐकतं? चार दिवसांनी उत्तर आलं. एका इमारतीत लगेच दोघी करू, दुसऱ्या इमारतीसाठी माणूस शोधतो आहोत. त्या पहिल्या इमारतीतली दुसरी म्हणजे हीच.

मॉलला तिने नाही कळवलं. तीन महिन्यांच्या बोलीवर जाते म्हणाली, त्यानंतर पुन्हा विचार करीन. मला ही बोली आवडली. माझ्या आत्याला कुणी तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

बाई पंधरा दिवस माझ्याशी ती चार वाक्यंही बोलल्या नाहीत. सोसायटीतल्या बाकीच्या घरी त्यांनी मुलीला 'शाळेत नोकरी लागली' असं सांगितलं होतं, हे मला सौ.कडून कळलं. दिवाळीत मुलीला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा बाई चकल्या आणि बेसनाचे लाडू घेऊन पीएमटीने, म्हणजे आताच्या पीएमपीएमएलने, आणि पुढे सहा आसनी रिक्षाने तिकडे गेल्या. संध्याकाळी परत यायच्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. का राहिल्या, ते काही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर ओट्यावर नेहमीच्या पोळ्यांच्या चवडीशेजारी आणखी एक चवड होती. पुरीपेक्षा जराशा मोठ्या, अगदी पातळ पोळ्या. मला वाटलं, कणीक उरली असेल.

"हिच्याकडे एक आहे," माझ्याकडे न बघता बाई म्हणाल्या. "तिला मोठी पोळी तोडता येत नाही, बोटं वळत नाहीत तिची. मग ती चिडते न् ताट भिरकावते. एवढी केली तर गुंडाळून हातात देता येईल का, ते बघत होते." त्यांनी एक पोळी सुरळी करून माझ्या हातात दिली. "धरून बघा बरं साहेब. सुटते का?"